बाबांचे पांढरे उंदीर

आमच्या घरी अजगर आला तेव्हा आई भाकऱ्या थापत होती आणि बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. आईने माझ्या हातातल्या उशीच्या अभ्र्याकडे पाहिलं, अभ्रा हलला, आणि तिने थापलेली भाकरी तशीच परातीत टाकली. "ह्या काय हाडलंस रे मेल्या?" ती ओरडली. शेजारची दोन डोकी दारातून आत डोकावली. बाबांनी मान वळवली नाही. घरात साप आणलाय आणि या माणसाला बघावंसंही वाटत नाही, याचा मला इतका राग आला की अभ्रा मुद्दाम त्यांच्या शेजारी नेऊन ठेवला. ते फक्त थोडे सरकून बसले.

भांडुपला टेकडीच्या पायथ्याशी आमची बैठी चाळ होती. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. वर टेकडीला झाडी, खाली नव्या बिल्डिंगींचे पाये खणणं चाललेलं, त्यामुळे लोकांच्या घरात साप निघायचे. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, घाटकोपरच्या कॉलेजात शिकत होतो. मी आणि माझा एक मित्र, आम्ही दोघं ते साप पकडून वर जंगलात सोडून यायचो. धामण, दिवड, कवड्या, असले बिनविषारीच जास्त. एवढ्यावर आम्ही स्वतःला फार मोठे समजायचो आणि गल्लीतून छाती काढून चालायचो.

हा अजगर म्हणजे जेमतेम तीन फुटांचं पोर होतं. पाया खणताना फावडं लागून त्याचा जबडा एका बाजूने उघडला होता. जनावरांच्या एका डॉक्टरांनी टाके घातले आणि सांगितलं, जगेल असं छातीठोक सांगत नाही. जबडा जुळेपर्यंत मोठं काही गिळता यायचं नाही, उंदराची डोळे न उघडलेली पिल्लं द्या. तीही घरातल्या उंदरांची नकोत, कारण जिकडेतिकडे औषध घातलेलं असतं, उंदराबरोबर हाही जायचा. म्हणजे उंदीर घरी वाढवणं आलं. अजगर घरात ठेवणं कायद्यात बसत नाही, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तेव्हा आम्हाला कायद्यापेक्षा आईची भीती जास्त होती.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या शिपायाने एक नर आणि दोन माद्या बुटाच्या खोक्यात घालून दिल्या. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे, शेपटीला धरलं की हवेत पोहणारे. अजगर चहाच्या रिकाम्या पेटीत, वरून जाळी आणि जाळीवर पाटा. उंदीर फळांच्या खोक्यात. दोन्ही पडवीत. पडवीच्या दारातच बाबांची बसायची जागा होती.

बाबांबद्दल आधी सांगायला हवं. ते गिरणीत त्रासन खात्यात होते, म्हणजे जिथे कापसाचं सूत होतं तिथे. चालत्या चात्यांवर सूत तुटलं की ते बोटांनी सांधायचं, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं केलं. मुळात बोलका माणूस. पाळीवरून घरी आले की खात्यात कोण कोणाला काय म्हणालं, जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, कसा उखडला, हे जेवण होईपर्यंत चालायचं. आई म्हणायची, घास खाली पडतो, आधी गिळा. मग संप झाला, लांबला, आणि बाबांची गिरणी पुन्हा उघडलीच नाही. त्यानंतर एक दिवस बाबा बोलायचे थांबले. भांडण नाही, तक्रार नाही. हो, नको, जेवलंय, एवढ्या तीन शब्दांवर त्यांचा दिवस जायचा. आई दोन घरी स्वयंपाकाला जाऊ लागली, मी शिकवण्या धरल्या. दीड वर्ष असंच चाललं होतं.

मला त्यांची कीव यायला हवी होती. यायचा तो राग. चाळीतल्या इतर बापांनी भाजीच्या गाड्या लावल्या होत्या, कोणी वॉचमन झाले होते, आणि आमचे हे भिंतीच्या पोपड्यांकडे बघत बसलेले. मी घरात भांडी जरा जोरात आपटायचो. त्यांच्या कानांवर काहीच जात नसावं असं वाटायचं.

पहिली मादी व्याली तेव्हा मी कॉलेज बुडवून खोक्यापाशी बसलो. शेंगदाण्याएवढी गुलाबी पिल्लं, आतलं दूध बाहेरून दिसायचं. मी दर पाच मिनिटांनी झाकण उघडायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लं नऊची सहा झाली. मला वाटलं मोजण्यात चूक झाली असेल. पुन्हा झाकण उघडून वाकलो, तोच मागून आवाज आला.

"सारको सारको वाकान काय बघतंस? खातली ती पोरांक."

मी वळून पाहिलं. बाबा भिंतीकडे नाही, खोक्याकडे बघत होते. आत आईच्या हातातला झारा कढईवर तसाच थांबल्याचं मला ऐकू आलं, कारण तेल तडतडत राहिलं आणि बाकी काही वाजेना. बाबा उठले, मला कोपराने बाजूला केलं, झाकण लावलं आणि त्यावर आपला जुना पंचा टाकून अंधार केला. मग परत जागेवर जाऊन बसले. पण तोंड पडवीकडे होतं.

आई मला आत ओढून घेऊन गेली आणि कुजबुजली, "आता तू त्या खोक्याक हात लावशीत तर बघ." जिने दहा दिवसांपूर्वी उंदरांसकट मला घराबाहेर काढायची धमकी दिली होती, तिचंच हे बोलणं.

त्या दिवसापासून उंदीर बाबांचे झाले. कोणी ठरवलं नाही, पण झाले. ते सकाळी पहिल्या पाळीला उठायच्या वेळीच उठू लागले. आधी खोकं साफ, मग पाणी, मग भिजवलेले गहू. सलाइनची रिकामी बाटली आणि नळीचा तुकडा कुठूनसा मिळवून त्यांनी उलटी टांगायची पाण्याची सोय केली, थेंब न सांडणारी. नर वेगळा, गाभण वेगळी, पिल्लंवाली वेगळी. कॅलेंडरवर मादी कधी विणार त्याची पेन्सिलने खूण. वीस दिवस मोजून त्यांनी सांगितलेली तारीख एखाद दिवसाच्या वर कधी चुकली नाही. "खात्यात असला लक्ष ठेवूक लागता," ते एकदा म्हणाले. गिरणीचा शब्द त्यांनी स्वतःहून काढल्याचं ते पहिल्यांदाच.

आई तर पूर्ण फितूर झाली. खोबऱ्याचा तुकडा आमटीत जायच्या आधी पडवीत जायचा. मी हटकलं तर म्हणायची, "बाळंतीण आसा ती." तिचे नियम मात्र कडक. सोमवारी अजगराला काही द्यायचं नाही. महादेवाच्या गळ्यातला असला म्हणून काय झालं, सोमवार तो सोमवार. आणि संकष्टीला उंदराला हात लावायचा नाही, कारण ते गणपतीचं वाहन. अजगराला आठवड्यातून एकदा खाल्लं तरी पुरत होतं, म्हणून कुठल्याच देवाशी त्याचं वाकडं आलं नाही.

पिल्लं अजगराला द्यायचं काम माझं. मी ते बाबा नाक्यावर गेले की उरकायचो. नाक्यावर त्यांना काही काम नसायचं. आठवड्यातून एकदा, मी चिमटा धुऊन ठेवला की ते चपला घालून निघायचे आणि अर्ध्या तासाने परत यायचे. आल्यावर खोक्यात डोकावायचे. काही विचारायचे नाहीत. मीही सांगायचो नाही. आम्ही दोघंही शहाण्यासारखे गप्प बसायचो.

मग कापसाची गोष्ट झाली.

उंदरांच्या अंथरुणाला मी पेपर फाडून घालायचो. बाबांना ते पहिल्यापासून खटकत होतं. "बाळंतणीक पेपरार निजवतत खंय?" असं म्हणून एक दिवस ते स्टेशन रोडच्या गादीवाल्याकडून पिशवीभर कापूस घेऊन आले. गादीवाल्याने तीन पोती उघडून दाखवली तेव्हा कुठे त्यांना एक पसंत पडला म्हणे. पडवीत बसून त्यांनी मला शिकवलं. कापसाची चिमूट दोन अंगठ्यांमध्ये धरायची, ओढायची, उरलेले तंतू एकमेकांवर ठेवून पुन्हा ओढायचे, आणि शेवटी शर्टाच्या काळ्या बाहीवर अंथरून बघायचं. "बघ. लांब धाग्याचो आसा. ह्याचा सूत तुटायचा नाय." तंतू लांब असला की पीळ चांगला बसतो, आखूड असला की सूत कच्चं, हे त्यांनी मला अर्धा तास समजावलं. त्यांचे डोळे चमकत होते. मला कापसात काडीचा रस नव्हता, पण मी मुद्दाम खोदून खोदून विचारत राहिलो, कारण ते बोलत होते.

तेव्हा दोन माद्या एकदमच व्यायल्या होत्या. सतरा पिल्लं. बाबांनी दोघींनाही कापसाचं घरटं करून दिलं. माद्यांनी तो तोंडाने ओढून असा गोल गुंडाळला की आई म्हणाली, आपल्या पोरालासुद्धा आपण एवढं मऊ घातलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी कॉलेजातून आलो तर बाबा खोक्यापुढे उकिडवे बसले होते. तळहातावर एक पिल्लू. त्याचा मागचा पाय काळानिळा पडून फुगला होता. पायाभोवती कापसाचा तंतू बसला होता, इतका बारीक की उजेडात धरल्याशिवाय दिसत नव्हता. पिल्लं वळवळतात, एकमेकांवरून लोळतात, त्यात तंतू त्यांच्या पायांना, मानेला गुंडाळला गेला होता आणि त्याला पीळ बसत गेला होता. पाच मेलेली होती. बाकीच्यांच्या अंगाला कुठे ना कुठे फास होता. वाईट कापूस असता तर तंतू तुटून पडला असता.

"लांब धागो," बाबा म्हणाले. "तुटाक नाय."

अशा वेळी मी नेमकं नको ते बोलतो. म्हणालो, "जाऊ द्या हो बाबा. नाहीतरी अजगरालाच द्यायची होती ना."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेची मला अजून लाज वाटते. "अजगरान खाल्ली असती तर त्याचा पोट भरला असता," ते म्हणाले. "ही फुकट गेली. माज्या हातान गेली." हातातलं पिल्लू त्यांनी अलगद खोक्यात ठेवलं, उठले, आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

मी घाबरलो. सतरा उंदरांसाठी नव्हे. मला वाटलं, गेले. आता हे पुन्हा दीड वर्ष तिकडे तोंड करून बसणार.

आई कामावरून आली ती पिशवी हातातच घेऊन खोक्याजवळ गेली, मग बाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. समजूत घालणं हा प्रकार तिला कधी जमला नाही. तिने शिवणाची सर्वांत बारीक सुई काढली, अर्धं ब्लेड काढलं, फळीवरून बाबांचा चष्मा काढून पदराने पुसला आणि त्यांच्या पुढ्यात उभी राहिली.

"उठा. चष्मो घाला."

बाबा हलले नाहीत.

"सगळी मरूक नाय हत अजून. तुमच्याशिवाय ह्या कोणाक जमाचा नाय. ह्या पोराची बोटां बघा, केळ्यासारी." हे माझ्याबद्दल.

मग ते उठले. पडवीच्या दारात ऊन येत होतं तिथे आईने थाळी ठेवली, त्यात गरम केलेलं फडकं. मी एकेक पिल्लू बोटांत धरायचो. बाबा सुईचं टोक तंतूखाली घालून एक वेढा उचलायचे, श्वास रोखून, आणि आई ब्लेडचा कोपरा तिथे टेकवायची. एक वेढा सुटला की खाली दुसरा असायचा. बाबांची बोटं जराही थरथरत नव्हती. धावत्या चात्यांवर सव्वीस वर्षं धागा जोडत आलेली ती बोटं पहिल्यांदाच धागा तोडायचं काम करत होती. आमची तिघांची डोकी एकमेकांना लागत होती, आईच्या केसांना परक्या घरच्या फोडणीचा वास होता, आणि मला एकदम रडू आलं. मी नाक ओढलं तर आई म्हणाली, पिल्लू हलवू नको.

बारापैकी अकरा सुटली. दोघांचा एकेक पाय गेला. ती तीन पायांची पिल्लं जगली, वाढली, आणि बाबांनी ती अजगराला कधीच दिली नाहीत. त्यांना काही वेगळं नाव नव्हतं, वेगळं खोकं तेवढं होतं.

संध्याकाळी बाबांनी मेलेली पिल्लं एका कागदावर ठेवली आणि चिमटा मागितला. मी पुढे झालो तर नको म्हणाले. पाटा बाजूला करून, जाळी उचलून, त्यांनी पहिलं पिल्लू अजगराच्या तोंडाशी धरलं. अजगराने बराच वेळ जीभ लपलपवली. मग जबड्याच्या बऱ्या बाजूने ते घेतलं आणि आत ओढू लागला. बाबा टक लावून बघत होते. सहाही झाल्यावर म्हणाले, "सावकाश खाता." त्यानंतर ते कधी नाक्यावर गेले नाहीत. द्यायचं कामही त्यांनीच घेतलं. ठरलेल्या दिवशी ते पिल्लं निवडायचे, माद्यांना आधी खोबरं देऊन दुसऱ्या खोक्यात हलवायचे, आणि मग चिमटा उचलायचे. चेहरा गंभीर असायचा, पण भिंतीकडे वळलेला नसायचा.

अंथरूण पुन्हा पेपराचं झालं. बाबा तो कात्रीने कापायचे, लांब पट्ट्या नव्हेत, बारीक चौकोन.

पुढचे चारेक महिने आमच्या घरातले सगळ्यांत चांगले होते असं मी म्हणालो तर आईने मला मारलं असतं, कारण तिचे पाय सुजायचे आणि रॉकेलच्या रांगेत भांडणं व्हायची. पण बाबा बोलत होते. चाळीतली माणसं उंदीर बघायला यायची, आणि बाबा त्यांना झाकण न उघडता लांबूनच दाखवायचे. जेवताना ते उंदरांच्या गोष्टी सांगायचे, कोणती मादी भांडखोर, कोणता नर आळशी, अगदी जुन्या खात्यातल्या गोष्टींसारख्या. आई म्हणायची, आधी घास गिळा. मला वाटायचं, हे असंच चालू राहू दे.

आणि नेमका अजगर बरा झाला.

टाक्यांची जागा भरून आली. जबडा मिटायला लागला. अंगावरचं जुनं कातडं अखंड निघालं आणि खालची नक्षी नव्या नाण्यासारखी दिसू लागली. चार फुटांचा झाला होता. माझ्या मित्राने त्याला हातावर घेतलं आणि म्हणाला, "झकास रे! एकदम फिट आहे हा. कधी सोडायचा, बोल. रविवारी?"

"अजून जबडा कच्चा आहे," मी म्हणालो.

"कच्चा कुठे यार? मोठा उंदीर गिळेल हा आरामात."

"डॉक्टर म्हणाले थांबा." डॉक्टरांना मी दाखवलंही नव्हतं.

माझा हिशेब अगदी साधा होता. अजगर गेला की पिल्लं नकोत. पिल्लं नकोत तर उंदीर कशाला? आणि उंदीर गेले की सकाळी उठून बाबा काय करणार? भिंत तिथेच होती. मी एक जंगली जनावर माझ्या बापासाठी पेटीत डांबून ठेवत होतो आणि साप वाचवणारा म्हणून गल्लीत मिरवत होतो. मित्र दर आठवड्याला विचारायचा, मी दर आठवड्याला नवीन काहीतरी ठोकून द्यायचो. घरीसुद्धा आपण होऊन सांगायचो, अजून थोडे दिवस लागतील हं बाबा. ते म्हणायचे, बरा.

पण अजगराला कोण थोपवणार? तो दिवसभर जाळीला नाक घासू लागला. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, पुन्हा या कोपऱ्यात. नाकाचं कातडं सोललं. मी लाल औषध लावायचो, ते दुसऱ्या दिवशी घासलं जायचं. पडवीतून येणारा तो खरखर आवाज मला अभ्यासाला बसलो की ऐकू यायचा आणि मी रेडिओ मोठा करायचो. अडीच महिने हे असं चाललं. दोघांपैकी एकाचं भलं करायचं तर दुसऱ्याचं वाईट होणार होतं, आणि मी बाबांची बाजू घेतली होती. मला त्यात चूक दिसत होती, पण सोडवत नव्हतं.

एका रविवारी दुपारी मी पेटी धुवायला बाहेर काढत होतो. बाबा पेपराचे चौकोन कापत बसले होते. कात्री न थांबवता म्हणाले, "नाक सोलला त्याचा."

"हो. औषध लावतोय."

"बरो झालो तो."

मी म्हणालो, "अजून जबडा जरा..."

"गेल्या म्हयन्यात मी त्याका मोठो उंदीर दिलंय," बाबा म्हणाले. "तू कॉलेजात होतंस. एका दमात गिळल्यान." त्यांनी कात्री खाली ठेवली. "मी वाट बघतंय, तू कधी सांगतंस ता. सांगणस नाय कित्याक?"

मी म्हणालो, "तुम्हाला माहीतच आहे ना मग."

"म्हायत आसा. पण तू तोंडान सांग."

मी पेटीकडे बघत होतो, तर म्हणाले, माझ्याकडे बघून सांग. इतकी वर्षं मी या माणसावर चिडत आलो होतो आणि आता त्याच्या डोळ्यांना डोळा देता येईना. शेवटी बघितलं. चष्म्यामागे डोळे ओले नव्हते, काही नव्हतं, ते नुसते थांबले होते.

"बाबा, अजगर बरा झाला," मी म्हणालो. "त्याला सोडायला हवं. उद्यापासून पिल्लं नकोत." आणि मग जे सांगायला सगळ्यांत जड होतं तेही सांगून टाकलं. "तुमचं काम संपलं, बाबा."

त्यांनी मान डोलावली. गुडघ्यावरचे कागदाचे कपटे झटकले.

"उंदरांचा काय?"

"लॅबवाले परत घेतील. ती तीन पायांची दोघं राहू देत आपल्याकडे."

"आणि मी काय करू?"

माझ्या बापाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःबद्दल मला काही विचारलं होतं. खोटं बोलायची आता हिंमत नव्हती. "मला माहीत नाही, बाबा," मी म्हणालो.

"माका पण म्हायत नाय," ते म्हणाले, आणि उठून खुंटीवरचा शर्ट चढवू लागले. "चल. उजेड आसा तवसर सोडून येवया."

अभ्र्यात घातलेला अजगर त्यांनी माझ्या हातात दिला नाही, स्वतःच छातीशी धरला. आई दारापर्यंत आली. तिने अभ्र्यावरून एकदा हात फिरवला. टेकडीची वाट चढताना बाबांना दम लागत होता, तरी ते बोलत होते, थांबून थांबून. बोलायचे थांबले त्याच्या आधी, संप मिटतोय असं कानावर आलं म्हणून ते सात दिवस रोज सकाळी डबा घेऊन गिरणीच्या गेटवर गेले होते. आम्हाला सांगितलं होतं की कामाची चौकशी करायला जातोय. गेटवरचा माणूस वीस वर्षांच्या ओळखीचा. बाबा दिसले की तो आत निघून जायचा. ऑफिसातले बाबू खिडकीतून बघायचे आणि खिडकी लावून घ्यायचे. सातव्या दिवशी बाबांनी गेटसमोरच्या फुटपाथवर बसून डबा खाल्ला आणि घरी आले.

"एकान तरी सांगूक होया होता," ते म्हणाले. वाटेवर एक सपाट दगड होता, त्यावर ते बसले आणि अभ्रा मांडीवर घेतला. "भायर येवन एकान तरी सांगूक होया होता, की बाबा, तुजा काम संपला, घराक जा." मग त्यांनी अभ्र्याची गाठ सोडली. अजगराने आधी जीभ बाहेर काढली, मग डोकं, आणि बाबांच्या गुडघ्यावरून घसरत तो पालापाचोळ्यात उतरला. शेपटी दिसेनाशी होईपर्यंत बाबा बघत राहिले.

"तू सांगलंस," ते म्हणाले. "बरा केलंस."